भिंतीमागची माती

पहाटे ५:३०

सर्जापूर रोडवर माती अंधारातच चालते. दिवसा हा रस्ता आयटीवाल्यांच्या गाड्यांचा. इब्लूरच्या सिग्नलपासून दोड्डकन्नेल्लीला विप्रोच्या दारापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, हे इथे मुरलेला माणूसही छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून टिपरवाले उजाडायच्या आत खेप टाकून मोकळे होतात. आमची साइट आणखी पुढे, कोडती मागे टाकून दोम्मसंद्राकडे जाताना लागते. उताराची जमीन आणि तिच्यावर बंगल्यांचा लेआउट. खालच्या अंगाला ३ मीटर उंचीची आरसीसी भिंत उभी राहिली आहे. तिच्यामागे भराव टाकायचा आणि त्या भरावावरून पेव्हर ब्लॉकचा रस्ता न्यायचा. महिना मे. सकाळी मातीची धूळ उडते आणि चारच्या पुढे आभाळ कधी फुटेल याचा नेम नसतो. दिवसाचं सगळं काम या दोहोंच्या मध्ये बसवायचं.

टिपर रिकामा होण्याआधी मागे चढून माती बघणं हे माझं पहिलं काम. बंगळूरमध्ये भरावाची माती म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी तळघराची माती. एकाचा खड्डा तोच दुसऱ्याचा भराव. त्यामुळे ती कुठल्या थरातली आहे यावर सगळं अवलंबून. वरच्या थरातली लाल, बारीक खड्यांची, मुठीत जड लागणारी माती आली की मी खूश. इथल्या नाइस खडकाची झीज होऊन ती तयार झाली आहे. लालबागेत खडकाची जी उघडी टेकडी आहे आणि जिचं वय सुमारे ३ अब्ज वर्षं सांगतात, तो याच जातीचा खडक. पण तळघर खोल गेलं की खालून पांढुरकी, पिठूळ, अभ्रकाने चमचमणारी माती निघते. कोरडी असताना ती अगदी गरीब दिसते. पाणी लागलं की मुठीतून निसटते आणि रोलरखाली जेवढी दबते तेवढीच परत उसळते. ती बागेकडे पाठवायची, रस्त्याखाली नाही.

तिसरा प्रकार काळा. मी निपाणीचा, तंबाखूच्या काळ्या रानात वाढलेला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत तेच आकड्यांत सांगितलं आहे : द्रवमर्यादा ७० च्या वर, प्लॅस्टिसिटी इंडेक्स ४५ च्या वर किंवा मुक्त फुगवटा ५० टक्क्यांच्या वर असेल तर ती माती भरावाला घ्यायची नाही. तळ्यातल्या काळ्या गाळात तर पालापाचोळाही कुजलेला असतो. तो पुढे आणखी कुजतो आणि वरचा रस्ता खाली बसतो.

आज एका टिपरात वर लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, काळा गाळ. ड्रायव्हर कृष्णगिरीकडचा. बंगळूरचं जे एक वाक्य सगळ्या भाषांचे लोक शिकतात, तेच त्याने ऐकवलं, "स्वल्प अड्जस्ट माडि, सार." अॅडजस्ट केलं नाही. गाडी परत गेली. परत गेलेली गाडी कुठे रिकामी होते, हे मात्र मला न विचारता कळतं : एखाद्या केरेच्या काठाला नाहीतर राजकालुव्यात. केरे म्हणजे तळं आणि राजकालुवे म्हणजे एका तळ्याचं ओसंडलेलं पाणी पुढच्या तळ्यात नेणारा मोठा नाला. हे नाले अरुंद झाले की काय होतं ते या रस्त्याने सप्टेंबर २०२२ मध्ये बघितलं. रेनबो ड्राइव्ह वसाहतीत पाणी शिरलं आणि बंगल्यांत राहणाऱ्या माणसांना ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडावं लागलं. मातीचा धंदा करणाऱ्या आम्हां मंडळींचा त्यात वाटा नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

७:००

मजूर जमतात. बहुतेक रायचूर-यादगीरकडचे, नवराबायको जोडीने. रोलर चालवणारे मामा आळंदचे, कलबुर्गी जिल्ह्यातल्या सीमाभागातले. माझ्याशी मराठी बोलतात, त्यात कन्नड आणि दखनी कधी मिसळते ते त्यांनाही कळत नाही. मला ते "इंजिनेरसाहेब" म्हणतात. वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत, म्हणून मी त्यांना मामा.

जेसीबीने वरची गवताची माती खरवडायला सुरुवात होते. साधारण वीतभर थर, मुळांसकट. तो फेकायचा नाही, बाजूला ढीग करून ठेवायचा. पुढे बागवाल्यांना तोच लागतो. त्याखालच्या उताराला पायऱ्या कापायच्या. गुळगुळीत उतारावर भराव टाकला तर जुन्या-नव्या मातीच्या सांध्यातून घसरण्याची वाट तयार होते. पायऱ्या असल्या की नवी माती जुन्या मातीत अडकून बसते. या कामात दिसायला काहीच नसतं. म्हणून तेच वगळलं जातं.

८:३०

आता भिंत. दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वेळ मी इथे घालवतो.

लोकांना वाटतं, भिंत माती अडवते. हिशोब करून बघा. भिंत ३ मीटर उंच, मागे चांगला मुरूम, घर्षणकोन ३० अंश. भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर मातीचा आडवा रेटा येतो सुमारे पावणेतीन टन. आता निचरा बंद आहे आणि मागे पाणी माथ्यापर्यंत साठलं आहे असं धरा. पाण्यात बुडाल्यामुळे मातीचा स्वतःचा रेटा दीड टनावर उतरतो, पण एकट्या पाण्याचा होतो साडेचार टन. एकूण सहा. भिंत तीच, माती तीच, आणि रेटा दुपटीहून जास्त. पाण्याला घर्षण नसतं, ते स्वतःला सावरून धरत नाही. आपला सगळा भार ते भिंतीवरच टाकतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सांगताना २०१९ आठवल्याशिवाय राहत नाही. २९ जूनला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची भिंत पलीकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. २ जुलैच्या पहाटे मालाडला पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर आली, त्यात मेलेल्यांचा आकडा तिशीच्या आसपास गेला. दोन्ही रात्री अतिवृष्टीच्या होत्या. प्रत्येक भिंत पडण्याची कारणं वेगळी आणि ती चौकशीने ठरवायची. पण अशा भिंती सहसा उन्हाळ्यात पडत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणून भिंतीला आधी पाण्याची वाट. काँक्रीटमध्ये १०० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप ठरावीक अंतरावर बसवलेले आहेत, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. याला वीप होल म्हणतात. सकाळी सळई घेऊन एकेक पाइप तपासायचा. काँक्रीट ओतताना त्यात सिमेंटचं दूध शिरून घट्ट झालेलं असतं, ते फोडून काढायचं. मग भिंतीला लागून हातभर जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड. कापडातून पाणी जातं, बारीक माती अडते. कापड नसेल तर माती खडीत शिरते आणि चारदोन पावसाळ्यांत निचरा बुजतो. सगळ्यात खाली भोकं पाडलेला पाइप, तो पावसाच्या गटाराला जोडलेला.

या सगळ्याला भिंतीच्या खर्चाच्या मानाने फार पैसे लागत नाहीत. तरी कात्री लागते ती इथेच, कारण मालकाला दाखवायला यातलं काहीही वर राहत नाही. मी बघितलेल्या एका कामावर भिंतीच्या दर्शनी बाजूला पाइपांची तोंडं अगदी ओळीत होती आणि मागे त्यांना मातीचा लगदा थापलेला. शोभेची भोकं.

भिंतीच्या वरच्या टोकाला दगडी पिचिंगचं काम चालू आहे. मेस्त्री भोवी समाजाचे, म्हणजे आपल्याकडचे वडार. आपल्याकडे माती वडार, गाडी वडार, जाते वडार असे भेद आहेत, तसेच इकडे मण्णु वड्डर आणि कल्लु वड्डर, मातीवाले आणि दगडवाले. धरणं, तळी, किल्ले, रेल्वेचे बांध अशी देशभरातली किती मातीकामं या लोकांच्या डोक्यावरून वाहून गेली आहेत, त्याची नोंद कुठल्याही कोनशिलेवर नाही. मेस्त्रींनी माझ्या खडीच्या थराकडे बघितलं आणि म्हणाले की दगडी भिंत सांध्यांतून स्वतःच पाणी सोडते, तुमची काँक्रीटची तोंड दाबून बसते. याहून नेमकं मला तरी सांगता येणार नाही.

१०:३०

भराव सुरू. भिंतीच्या मागच्या अंगावर लाल रंगाने दर २० सेंटिमीटरला रेघा मारल्या आहेत. सैल माती साधारण २५ सेंटिमीटर पसरायची, दाबून ती रेघेला आली पाहिजे. ठेकेदाराचा नेहमीचा डाव म्हणजे अर्धा मीटर माती एकदम ओतून वरून रोलर फिरवायचा. वरचा भाग टणक होतो, चालून बघणाऱ्याला समाधान वाटतं आणि खालची माती तशीच पोकळ राहते. रेघा मारल्या की हा डाव चालत नाही.

दहा टनी कंपनाचा रोलर भिंतीपासून दीड मीटरच्या आत येऊ द्यायचा नाही. ओल्या काँक्रीटपेक्षा जुनं काँक्रीट घट्ट असतं हे खरं, पण कंपनाने माती आडवी दाबली जाते आणि तो दाब भिंतीत कायमचा अडकून राहतो. मामांना हे सांगावं लागत नाही. ते चुन्याची फक्की मारलेल्या रेघेवरून वळतात. आतल्या पट्ट्यात प्लेट कॉम्पॅक्टर आणि रॅमर. पूर्वी जे धुमसाने व्हायचं ते आता पेट्रोलच्या इंजिनाने होतं, आवाज मात्र डोकं उठवणारा.

आणि पाणी. दाबकामातलं खरं माप पाण्याचं. माती फार कोरडी असली तर कण एकमेकांवर घासून अडून बसतात, कितीही रोलर फिरवा. फार ओली असली तर पोकळ्यांत पाणीच भरलेलं असतं आणि ते दाबलं जात नाही. दोहोंच्या मध्ये एक ओलावा असा असतो की त्याच कष्टात माती सर्वांत घट्ट बसते. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं, मातीच्या धरणांच्या कामातून. आज जगभर त्यांच्याच नावाची चाचणी होते. आपल्या भारतीय मानकात तिचे दोन प्रकार आहेत. हलक्यात २.६ किलोचा ठोकळा ३१ सेंटिमीटरवरून, तीन थरांत. जडमध्ये ४.९ किलोचा ४५ सेंटिमीटरवरून, पाच थरांत. प्रत्येक थराला २५ ठोके. आमच्या मातीचा जड चाचणीचा निकाल : कमाल कोरडी घनता घनसेंटिमीटरला १.९२ ग्रॅम, योग्य ओलावा १२ टक्के.

टिपरमधून आलेल्या मातीत आज ओलावा ८ टक्के. चार टक्के कमी. २० सेंटिमीटर जाडीच्या दाबलेल्या थरात एका चौरस मीटरला सुमारे ३८० किलो कोरडी माती असते, तिचे चार टक्के म्हणजे १५ लिटर. २०० चौरस मीटरच्या तुकड्याला ३,००० लिटर, शिवाय मे महिन्याचं ऊन पिऊन टाकेल ते वेगळं. ६,००० लिटरचा टँकर दोन तुकड्यांना जेमतेम पुरतो. हे पाणी पिण्याचं नसतं. मार्च २०२४ च्या टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बांधकामाला पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली, ५,००० रुपये दंड ठेवला. आम्ही शेजारच्या अपार्टमेंटच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून पाणी घेतो. मातीला त्याने काही फरक पडत नाही. पहिले दोन दिवस मजुरांनी नाकं मुरडली, आता कुणी बोलत नाही.

पाणी मारलं की लगेच रोलर नाही. कल्टिव्हेटर लावून माती उलटीपालटी करायची, ओलावा सगळीकडे सारखा मुरू द्यायचा. मग मूठ. मूठभर माती दाबून गोळा करायचा. गोळा झालाच नाही तर पाणी कमी. तळहाताला चिकटली तर जास्त. नीट गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर त्याचे स्वच्छ दोन तुकडे पडले की रोलर बोलवायचा. भाकरीचं पीठ भिजवणारी बाई पाणी मोजून घेत नाही, तसंच हे. रायचूरच्या एका अक्काचा अंदाज माझ्या मीटरपेक्षा क्वचितच चुकतो. ती "साकु", म्हणजे पुरे, म्हणाली की मी टँकरचा कॉक बंद करायला सांगतो आणि मग मीटर लावतो. कागदाला मीटर लागतो.

१:००

जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मामा रोलरच्या सावलीत आडवे होतात.

२:००

चाचणी. कोअर कटर म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाची, १३० मिलिमीटर उंचीची पोलादी नळी, आत साधारण एक लिटर माती मावते. ती दाबलेल्या थरात ठोकायची, अलगद खणून काढायची, दोन्ही टोकं सपाट करून वजन करायचं. मातीत खडे जास्त असले तर नळी नीट शिरत नाही, मग खड्डा करून त्यात मोजलेली वाळू ओतण्याची पद्धत.

पहिल्या जागी ओली घनता २.०८, ओलावा ११.५ टक्के. कोरडी घनता १.८७ च्या जवळ, म्हणजे कमाल घनतेच्या ९७ टक्क्यांहून किंचित वर. रस्त्याखालच्या सबग्रेडला ९७ लागतात, त्याखालच्या भरावाला ९५. हा तुकडा सबग्रेडचा, पास. दुसऱ्या जागी, गटाराच्या चेंबरला लागून, २.०१ आणि ९ टक्के. हिशोब १.८४, म्हणजे ९६. नापास.

मालकाच्या माणसाने विचारलं, "एका टक्क्याने काय बिघडतं?" त्याला म्हटलं, एका टक्क्याने आज काहीच बिघडत नाही. पण जिथे रोलर पोचत नाही तिथेच घनता कमी भरते, आणि ती जागा नेमकी चेंबरची असते. तिथेच पुढे पेव्हर बसतात आणि तिथेच पाणी साचतं. तुकडा नांगरून काढला, पाणी मारलं, रॅमर लावला. तासभर गेला. मामा म्हणाले, "एक टक्क्यापायी डिझेल जाळताय, साहेब." बरोबर आहे. जाळतोय.

३:१५

चेंबरवरून चरांकडे. रस्ता खचतो तो मधून क्वचितच. तो खचतो चरांच्या रेघेवर. सांडपाण्याची लाइन, पाण्याची, विजेची, इंटरनेटची, प्रत्येकासाठी खणलेला चर नंतर त्याच मातीने ढकलून बुजवलेला असतो. बंगळूरच्या कुठल्याही गल्लीत सरळ लांब पट्टा दबलेला दिसला तर खाली काय आहे ते न खणता सांगता येतं. पेव्हरखाली तीनेक सेंटिमीटर वाळूची गादी असते, आणि पेव्हर खचले की सगळे ती वाळू बदलत बसतात. वाळूचा दोष नसतो. आमच्याकडे नियम असा : सगळ्या लाइनी आधी, पाइपभोवती चाळलेली माती किंवा एम-सँड, मग १५ सेंटिमीटरचे थर आणि प्रत्येकाला रॅमर. रस्ता झाल्यावर खणायला आलेल्याशी मी भांडतो. बहुतेक वेळा हरतो.

४:३०

पश्चिमेकडून काळं यायला लागलं. आता धावपळ. पसरलेली सैल माती तशी राहिली तर रात्रीत तिचा चिखल होतो, म्हणून जेवढी दाबून होईल तेवढीच ठेवायची, बाकीची ढिगात ओढायची. ढिगावर ताडपत्री. दाबलेल्या थराला भिंतीपासून उलट्या बाजूला हलकासा उतार द्यायचा आणि कंपन बंद करून रोलरची एक फेरी मारायची, म्हणजे वरचा पापुद्रा बंद होतो आणि पाणी न मुरता वाहून जातं. कडेने चर काढून ते पाणी गाळ बसायच्या खड्ड्यात. सकाळी पैसे देऊन आणलेलं पाणी आणि आता फुकट येणारं पाणी, दोन्हींचा हिशोब मलाच ठेवायचा.

पाऊस झोडपून पडला आणि पाऊण तासात थांबला. उद्या सकाळी थरावर टाच मारून बघायचं. पाय दिल्यावर माती खाली जाऊन वर येत असेल तर तिच्यावर नवीन थर टाकायचा नाही. ती उकरून वाळवायची, जमलं नाही तर काढून टाकायची. वेळापत्रक त्या दिवसापुरतं थांबतं, आणि ते थांबवण्याची ताकद साइट इंजिनिअरला नसेल तर बाकीच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही.

६:००

रजिस्टर. तारीख, थराचा क्रमांक, जागा, ओलावा, घनता, पास-नापास, फोटो. नापास झालेला आकडाही लिहायचा आणि त्याखाली पुन्हा केलेला. ज्या रजिस्टरात सगळे आकडे ९८ आहेत ते खोलीत बसून भरलेलं असतं, हे ऑडिटरलाही कळतं.

एक विनंती वाचकांना. बंगळूरला असो की पुणे-नाशिकला, उतारावरच्या वसाहतीत घर बघायला गेलात तर नमुना फ्लॅटआधी खालची भिंत बघा, आणि शक्य झालं तर पावसानंतर दुसऱ्या दिवशी बघा. वाकून पाइपांची तोंडं तपासा. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर निचरा चालू आहे. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे. भिंतीला ओल फुटली आहे आणि पाइप मात्र कोरडे आहेत, असं दिसलं तर बिल्डरकडे भरावाच्या चाचण्यांचं रजिस्टर मागा, आणि तुम्ही आधीच तिथे राहत असाल तर सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगच्या आधी हा विषय घ्या.